लेडीजमध्ये रुंद पंजा येत नाही

आमच्या सांगलीच्या हॉस्पिटलात परिचारिकांचा दिवस साजरा होतो तेव्हा आधी केक कापतात, मग भाषण होतं आणि भाषणात आम्हाला देवदूत म्हणतात. नोकरीला लागल्यापासून मी हे ऐकत आलेय. केकचा तुकडा कागदी डिशमध्ये धरून आम्ही भिंतीला टेकून उभ्या असतो, कारण खुर्च्या पाहुण्यांसाठी मांडलेल्या असतात. उभं राहण्याचा आमचा सराव दांडगा, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्या वर्षी केकबरोबर भेटही मिळाली. चकचकीत कागदात गुंडाळलेला एकेक खोका, आणि आत पांढऱ्या बेली, म्हणजे त्या चपट्या, बिनपट्ट्याच्या लेडीज बुटांचा जोड. पुढून निमुळत्या, तळ पापडासारखा पातळ आणि वर रिबिनीची एवढीशी गाठ. भेट आमच्या नव्या मॅनेजर सरांकडून होती. सर त्याआधी महाबळेश्वरला एका मोठ्या हॉटेलाचा कारभार बघत होते. आमच्याकडे आले त्याच आठवड्यात त्यांनी दारात कुंड्या मांडल्या, आयसीयूच्या बाहेर मंद बासरी लावली आणि आमच्या पायांकडे बघून नाक मुरडलं. आमच्यात कुणी सँडल घालायची, कुणी कॅनव्हासचे बूट, कुणी रबरी तळाची चप्पल. त्या सगळ्याचा आवाज सरांच्या बासरीच्या आड येत होता. भाषणात त्यांनी सांगितलं की पेशंटला प्रसन्न वाटलं पाहिजे, स्टाफ एकसारखा दिसला पाहिजे, तेव्हा उद्यापासून सगळ्यांनी हेच घालायचं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

माझी टाच त्याआधीपासूनच दुखत होती. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. भिंत धरत धरत बाथरूम गाठायचं. थोडं चाललं की कळ सुस्तावायची आणि ड्युटी संपत आली की पुन्हा जागी व्हायची. जरा बसून उठलं तर पहिलं पाऊल टाकायची भीती वाटायची. आम्हाला बसायला मिळतं ते रिपोर्ट लिहिण्यापुरतं, म्हणून मी रिपोर्टसुद्धा उभ्यानं लिहायला लागले होते. त्यात माझा पंजा रुंद. माझं माहेर साताऱ्याजवळच्या एका खेड्यातलं. दहावीपर्यंत उसाच्या सरीतून अनवाणी हिंडलेला पाय तो. त्याला कुणी आखूड-निमुळतं राहायला शिकवलंच नव्हतं.

बेली घातल्या आणि चार दिवसांत करंगळीचं कातडं सोललं. टाचेखाली फरशी थेट लागत होती. मी अनवाणी चालले असते तर निदान बोटं तरी मोकळी राहिली असती.

वॉर्डात माझ्याहून सीनियर एकच सिस्टर होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. त्या तासगावकडच्या, निवृत्तीला आलेल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला मोठ्या आवाजात बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याजवळचं हाड सुपारीएवढं बाहेर आलेलं होतं. जुन्या सँडलला त्यांनी तेवढ्या जागी ब्लेडनं भोक पाडून घेतलं होतं. नव्या बेलीला भोक पाडायची सोय नव्हती, कारण मॅनेजर सर राउंडला आले की आधी खाली बघायचे. मग आक्का बोटांमध्ये कापसाचे बोळे घालून चालायच्या. दुपारी बेली काढली की बोळे लाल झालेले असायचे. मी म्हटलं, आक्का, आपण सांगू या. तर म्हणाल्या, "कुनाला सांगायचं? ज्यानं दिल्या त्यालाच? ऱ्हाऊ दे. चार म्हैनं तर काढायचं हायत."

मी मात्र सांगायला गेले. मॅनेजरकडे नाही, आमच्याच हाडांच्या डॉक्टरांकडे. म्हटलं, घरचाच वैद्य आहे. ते प्लास्टर रूममध्ये चाकाच्या स्टुलावर बसून एका मुलाच्या हाताला प्लास्टर घालत होते आणि मी ट्रे धरून शेजारी उभी होते. टाचेचं सांगितलं. त्यांनी वर न बघताच निदान केलं. म्हणाले, वजन जरा कमी करा सिस्टर, आणि जास्त वेळ उभं राहणं टाळा. असं म्हणून त्यांनी स्टूल सरकवलं आणि ओली पट्टी मागितली. मी उभ्या उभ्या ती दिली.

जाताना त्यांनी एक गोष्ट मात्र सुचवली. आपल्याच मेडिकलमध्ये टाचेखाली घालायचे सिलिकॉनचे पॅड मिळतात, ते घ्या. घेतले. बेलीत पॅड घातला की टाच वर यायची आणि पाय बुटातून निसटायचा. पॅड काढला की पुन्हा फरशी. म्हणजे दुखण्याची निवड तेवढी माझ्या हातात दिली होती.

मग मी दुकानं पालथी घालायला लागले. पहिल्या दुकानातल्या माणसाला मी सांगितलं की दिवसभर उभं राहायचं काम आहे, टाच दुखते, पंजा रुंद आहे. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खडे लावलेली सँडल काढून दाखवली. दुसरीकडे उंच टाचेची दाखवली, म्हणाला, आतून मऊ आहे. तिसरीकडे एका पोरसवदा सेल्समननं माझा पाय पाहिला आणि जणू माझीच काही चूक असावी अशा सुरात म्हणाला, "मॅडम, लेडीजमध्ये रुंद पंजा येत नाही." मी विचारलं, मग रुंद पंज्याच्या लेडीज काय घालतात? त्यानं आतून डॉक्टर चप्पल आणली. हे नाव कुणी दिलं कोण जाणे. इतकी वर्षं हॉस्पिटलात काढली, एकही डॉक्टर ती घातलेला दिसला नाही. चप्पल मऊ होती, नाही असं नाही. पण मागून उघडी. सुई पडली, रक्त सांडलं, ट्रॉलीचं चाक आलं, तर टाच वाचवायची कशी? आणि पेशंट कोसळायला लागला तर धावायचं कसं?

मोबाइलवरही शोधलं. तिथं 'नर्सिंग शूज' म्हणून वेगळं दुकानच असतं. फोटोत एक गोरीपान बाई गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून खदखदून हसत उभी. तिच्या पायात बर्फासारखे पांढरे बूट. ज्या नर्सला कामावर असं हसू येतं तिचे पाय दुखत नसणार, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मागवले. आले ते इतके अरुंद की पाय निम्म्यावरच अडला. परत पाठवले तर कारण विचारत होते, आणि पर्यायांमध्ये 'माणसाचा पाय असा नसतो' हा पर्याय नव्हता.

शेजारच्या वहिनींनी रुईचं पान आणि गरम वीट सांगितली. तेही केलं. आयुष्यभर लोकांना 'असले गावठी उपाय करू नका' म्हणून दटावणारी मी, गॅसवर वीट तापवून तिच्यावर टाच ठेवून बसले. वहिनी कौतुकानं बघत होत्या. पोळल्याचा फोड आला, तो बरा व्हायला टाचेपेक्षा कमी वेळ लागला, एवढंच.

आमचे हे फौजेतून निवृत्त झालेले. आता शिरवळला एका लोखंडी सामानाच्या कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर आहेत आणि सुट्टीला सांगलीला येतात. माझं लंगडणं बघून पहिल्यांदा म्हणाले, "फौजेत पाय दुखतोय म्हणलं की आनि दोन चकरा जादा मिळायच्या." हे वाक्य त्यांनी पोटदुखीलाही वापरलंय, दाढदुखीलाही. त्या संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला अंगणात जाताना दारात माझी चप्पल सापडेना, म्हणून त्यांचे कारखान्याचे बूट पायात सरकवले. बूट मला ढगळ होते, जड होते, पण माझी पाचही बोटं एकमेकांपासून लांब झाली. टाचेखाली काहीतरी जाड, भरीव होतं. मी कपडे काढायचे विसरले आणि तशीच अंगणात उभी राहिले.

आत येऊन विचारलं, हे बूट कुठले? ते म्हणाले, कंपनीचे. कंपनीनं सगळ्यांना कागदावर उभं करून पायाचं माप घेतलं होतं. लांबी वेगळी, रुंदी वेगळी. वर्षाला नवा जोड. मी विचारलं, तुम्ही गेटवर काय करता? तर म्हणाले, गाड्या बघतो. बसायला खुर्ची आहे.

लोखंडाची राखण करणाऱ्याचा पाय मोजून घेतात आणि माणसांची राखण करणारीला रिबिनीची गाठ देतात, हे मला त्या दिवशी नीट कळलं. रागानं मला रात्रीचं जेवण गेलं नाही. हे मात्र दोन भाकरी जादा जेवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आक्का पडल्या.

सकाळची वेळ होती. नुकतीच फरशी पुसून झालेली. कोपऱ्यातल्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ होते, ऑपरेशनच्या गुंगीत होते आणि ते कठड्यावरून पाय टाकून उतरायला लागले. मी दुसऱ्या टोकाला सलाइन बदलत होते. आक्का जवळ होत्या, त्या धावल्या. म्हाताऱ्यांना त्यांनी पलंगावर ढकललं खरं, पण त्याच झटक्यात त्यांचा पाय पुढं सटकला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. हाड मोडल्याचा आवाज मी तिकडून ऐकला. आक्का ओरडल्या नाहीत. खाली पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "आजोबा हायत का नीट?"

एक्स-रेला नेताना मी त्यांच्या पायातल्या बेली काढल्या. तळाला हात लावून पाहिला. नव्या होत्या तेव्हा त्यावर बारीक रेघा तरी होत्या, आता तळ ताटासारखा गुळगुळीत झाला होता. एक्स-रेत दिसलं, मनगटाचा चुरा झाला होता.

मॅनेजर सर आले. आधी त्यांनी फरशी पुसणाऱ्या मावशीला विचारलं की ओल्या फरशीचा बोर्ड का लावला नाही. बोर्ड लावलेला होता, सर त्याला वळसा घालूनच आले होते. मग ते म्हातारे पेशंट ठीक आहेत ना, नातेवाइकांची काही तक्रार नाही ना, हे पाहिलं. शेवटी हळहळून म्हणाले, "आक्कांनी पळायला नको होतं. या वयात." दुपारी आक्कांच्या पलंगापाशी फळांची टोपली आली, वर सेलोफेनचा कागद.

मी आक्कांची एक बेली घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले आणि टेबलाच्या काचेवर ठेवली. उलटी, तळ वर करून. सरांनी खुर्ची मागं घेतली. म्हणाले, सिस्टर, हे काय, खाली ठेवा. मी म्हटलं, खालीच होती सर, म्हणून तर त्या पडल्या. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, पण समजावून सांगितलं. की हा निर्णय वरून मंजूर झालेला आहे. की बाकी कुणाची लेखी तक्रार नाही. की माझ्या पायाला काही विशेष प्रॉब्लेम असेल तर मी हाडांच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणावं, ते विचार करतील. म्हणजे ज्या डॉक्टरांनी माझा पाय पाहिला नव्हता त्यांच्याकडून मी लिहून आणायचं, की मला पाय आहेत.

मी बेली तिथंच ठेवून बाहेर आले.

पुढच्या सुट्टीला नात्यातल्या एका साखरपुड्यासाठी आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. साखरपुडा उरकला, तसं मी ह्यांना म्हटलं, स्टँडजवळ चला. तिथं एक दुकान आहे, भरतीची तयारी करणारी पोरं तिथून बूट घेतात. ह्यांना वाटलं त्यांच्यासाठीच काही घ्यायचंय. दुकानात शिरून मी म्हटलं, जेंट्समध्ये रुंद पंज्याचा, जाड तळाचा बूट दाखवा. दुकानदारानं ह्यांच्या पायाकडं बघितलं. मी म्हटलं, ह्यांच्यासाठी नाही, मला. हे लगेच दाराकडं तोंड करून उभे राहिले आणि एसटी बघायला लागले.

दुकानदाराला त्यात काही रस नव्हता. मोबाइलवर बोलत बोलतच तो खोके काढून टाकत गेला. मी एकेक घालून दुकानात फेऱ्या मारल्या. चवड्यांवर उभी राहिले. खाली वाकले, उकिडवी बसले, पटकन उठून वळून पाहिलं. जे जे वॉर्डात करते ते सगळं केलं. दोन भरतीची पोरं आपापला बूट हातात धरून बघत राहिली. शेवटी एक काळा जोड पायात बसला. टाच धरून ठेवणारा, पुढं ऐसपैस. मग मी ह्यांच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, दुकानाच्या पायरीवर पाणी ओतलं आणि त्यावर पाय घासून पाहिला. घसरला नाही. तेव्हा कुठं दुकानदारानं फोन बंद केला आणि विचारलं, "ताई, पोलिसात हाय का तुमी?"

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "म्हशीचं खूर दिसत्यात."

म्हटलं, दिसू देत.

सोमवारी मी ते घालून वॉर्डात गेले. सर राउंडला आले, सवयीनं खाली बघितलं आणि थांबले. म्हणाले, "सिस्टर, हे जेंट्स शूज आहेत." मी म्हटलं, "हो सर. पाय मात्र माझेच आहेत." पेशंट हसले. सर पुढं गेले आणि संध्याकाळी नोटीस लागली, की ठरवून दिलेल्या पादत्राणांशिवाय कुणालाही कामावर घेतलं जाणार नाही.

आमच्या पोरी बोलायला भित्र्या. मला वाटलं होतं मी एकटीच घरी बसणार. पण दुसऱ्या दिवशी कॅनव्हास घालून एक आली, मग जुनी सँडल घालून दुसरी. सीमेकडची एक नवी मुलगी होती, निम्मं कानडी बोलायची, ती तर भावाचे क्रिकेटचे बूट घालून आली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी आक्कांना पडताना पाहिलं होतं किंवा पाहिलेल्यांकडून ऐकलं होतं, तेवढं पुरलं. सर तीन वॉर्ड फिरले. एकीलाही घरी पाठवता येईना, कारण मग इंजेक्शनं कुणी द्यायची? बासरी वाजवून ताप उतरत नाही.

पुढं काय झालं असं विचाराल तर काहीच झालं नाही. नोटीस मागं घेतली नाही, आणि पाळलीही नाही. बोर्डावर ती पिवळी पडत राहिली आणि मग तिच्यावर रक्तदानाचं पोस्टर लागलं. दिवाळीआधी सर याहून मोठ्या हॉस्पिटलात गेले. निरोपाला आम्ही शाल-श्रीफळ दिलं, त्यांनी आम्हाला पुन्हा देवदूत म्हटलं. हाडांचे डॉक्टर माझे बूट बघून म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं का, काळजी घेतली की बरं वाटतं. उरलेल्या बेली स्टोअरमध्ये पडून होत्या, त्यातल्या काही पोरींनी लग्नसमारंभाला नेल्या. लग्नात त्या छान दिसतात. तिथं बसायला खुर्च्या असतात.

बुटानं जादू झाली असं मी म्हणणार नाही. टाच बरी व्हायला बरेच महिने गेले. सकाळी उठायच्या आधी चवड्याला टॉवेल अडकवून पाय ओढायचा व्यायाम करावा लागतो, आणि आळस केला की खिळा परत येतो. पण ड्युटी संपवून मी आता घरापर्यंत चालत जाते.

आक्का परत कामावर आल्याच नाहीत. रजेतच निवृत्त झाल्या. निरोप समारंभ ठरला होता, पण त्यांनी कळवलं की हाताला प्लास्टर घेऊन स्टेजवर उभी राहणार नाही. मार्चमध्ये मी तासगावकडं त्यांच्या घरी गेले. बेदाण्याचा हंगाम होता, शेडमध्ये जाळ्यांवर हिरवट द्राक्षं पसरलेली, हवेला आंबूसगोड वास. आक्कांचा उजवा हात वाकडाच बसला होता. मूठ पुरती मिटत नव्हती. सून चांगली होती, सगळं हातात देत होती, आणि आक्कांना तेच आवडत नव्हतं.

मी त्यांच्यासाठी जोड नेला होता, त्याच साताऱ्याच्या दुकानातून. नाडीचा नव्हता, पट्टीचा, डाव्या हातानं लावता येईल असा. अंगठ्याजवळ सैल. त्यांनी खोका उघडला, बूट उलटा-पालटा केला आणि म्हणाल्या, "ह्ये काय आनलंस? बालवाडीतल्या पोराचं दिसतंय. लय वंगाळ."

मी म्हटलं, घालून तरी बघा.

घातले. पट्टी त्यांनी स्वतः लावली, मला हात लावू दिला नाही. अंगणात चार पावलं टाकली, थांबल्या, बोटं आत हलवून पाहिली. मग शेडकडं निघाल्या. द्राक्षांच्या जाळ्यांच्या पहिल्या रांगेतून गेल्या, दुसरीतून परत आल्या, मधूनच थांबून तिथल्या बायकांना काहीतरी सांगत. सुनेनं चहा आणला. तो निवला तरी आक्का काही आल्या नाहीत. शेवटी सूनच कप घेऊन शेडकडं गेली. मी ओट्यावर बसून राहिले.